एकटीचा गठ्ठा

५ जाने., रविवार
मंगल परतवाड्याहून आली. जेवणं उरकून पत्ते मांडले. माझ्या नातीनं दिलेल्या या सुपरहिरोंच्या पत्त्यांच्या खेळानं आम्हा दोघी म्हाताऱ्या बहिणींना पार येड लावलं. यात एकमेकींवर मात करायची नाही, दोघींनी मिळून कवटीवाल्या खलनायकाला हरवायचं. मी ढालवाली, मार झेलते. मंगल वीजवाली, मार देते.
आज पुन्हा हरलो. चूक माझीच. चांगले पत्ते अडीअडचणीला म्हणून धरून बसते, तोवर कवटीवाल्याचा कट पुरा होतो अन् डाव जातो. मंगल म्हणे, "अक्का, पैठणी हाये का ते, पेटीत ठेवाले?"
मग तिच्या ब्लाउजचं माप घेतलं. डाव्या काखेपाशी टेप अडला. सुपारीएवढी गाठ.
"कधीपासून?"
"दिवाळीपासून. दुखत नाही थे."
दुखत नाही म्हणूनच तर भीती.

८ जाने., बुधवार
फोन केला. अमरावतीले दाखव म्हटलं. तर म्हणे, "रूपालीचं पयलं बाळंतपण हाये. माहेरीच होते ना आपल्यात? थे होऊ दे." रूपाली तिची एकुलती, वरूडला दिलेली. नववा लागला.
म्हटलं, पोरीले माझ्याकडं आन, मावशीचं घर काय परकं हाये?
"माय मरो, मावशी जगो. असंच ना?" अन् खळखळून हसली.
मी फोन ठेवला. रूपालीला सांगायचं नाही अशी शपथही तिनं घातली आहे. पोटातलं ओठावर आणू कसं?

१२ जाने., रविवार
मंगलनं आज खेळाआधीच माझ्या पत्त्यांचा गठ्ठा उपसला. वीजवालीला सांभाळायचे पत्ते सगळे बाहेर. त्या जागी मारायचे, कट उतरवायचे, आपलीच जखम भरायचे. चाळीसाच्या वर एक नको म्हणे, पसारा वाढला की कामाचा पत्ता वेळेवर येत नाही.
"अवं, मंग तुले वाचवन कोन?"
"मले नको वाचवू. एकटीनं खेळता आलं पाह्यजे तुले."
एकटीनंही खेळता येतं, हे तिनं नियमांच्या पुस्तकातून हुडकलं. कधी, काहून, ते विचारायची हिंमत झाली नाही.

१४ जाने., संक्रांत
तिळगूळ वाटीत तसाच राहिला. मंगलचा फोन, "जमला का गठ्ठा?"
माझा तोल गेला. "मराची तयारी करून राहिली का व?" सणासुदीला हे तोंडातून गेलं. देवा.
ती म्हणे, "तू एकटीनं जिंकून दाखव. दुसऱ्या दिवशी मी दवाखान्यात येतो."

१९ जाने., रविवार
जिंकले. मंगल समोर हाताची घडी घालून बसली होती. एकही पत्ता सुचवला नाही. एकही पत्ता राखून ठेवला नाही मी, आला की टाकला. शेवटी कवटीवाला पडला. मंगलनं टाळ्या वाजवल्या, माझी दृष्ट काढली.
अशी जीत वैऱ्याच्याही वाट्याला न येवो.

२० जाने., सोमवार
बोलल्याप्रमाणे आली. अमरावतीचा दवाखाना. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, कधीपासून आहे?
मंगल म्हणे, "पोळ्यापासून."
मला दिवाळी सांगितली होती. बाईंचा पेन थांबला. आधी तिच्याकडे, मग माझ्याकडे पाहिलं.
सुईनं गाठीतला नमुना तपासणीला घेतला. रिपोर्ट शुक्रवारी.
परतीच्या बसमध्ये मंगल म्हणे, "रिपोर्ट आनाले तू एकटीच जाजो."
तिनं दोनदा विचारलं, "आयकलं ना, अक्का?"