काळ्या मध्ये उभा राहतो

सोमवार, ४ मार्च

आज कुत्र्याने मला माझ्याच स्वयंपाकघरात पुढे पाऊल टाकू दिलं नाही. माझ्याच!

झालं काय — आठ वाजताच्या शिकाऊ बाईने वेळ बदलली. फोन आला तेव्हा मी आंघोळीला. हिने घेतला आणि निरोप द्यायला विसरली. मी ड्रायव्हिंग स्कूलची गाडी घेऊन कोपऱ्यावर पाऊण तास उभा, येड्यासारखा. दुपारी घरी आलो, घड्याळ काढून टेबलावर ठेवलं आणि विचारलं, निरोप नावाचा प्रकार तुला माहीत आहे का? एवढंच. आवाजसुद्धा चढवला नव्हता.

तेवढ्यात कुत्रा, आमचा काळ्या, सोफ्यावरून उतरला. सावकाश आला आणि आमच्या दोघांच्या मध्ये उभा राहिला. भुंकला नाही, गुरगुरला नाही. नुसता उभा, पाय रोवून, तोंड माझ्याकडे. ही म्हणते, "असू द्या हो, दमलाय तो." दमलाय! दिवसभर लोळून!

मंगळवार, ५ मार्च

आणि आणला कोणी? मीच. आपल्याच हाताने पायावर धोंडा.

दोन वर्षांपूर्वी शेजारच्या इमारतीत भरदिवसा घर फोडलं. मी दिवसभर रस्त्यावर, घरात या दोघीच. म्हटलं, डॉबरमन आणू. जात्याच कडक जात, दारात बसला तरी चोराच्या पोटात गोळा येईल. आणला तेव्हा चपलेएवढा होता. आता माझ्या कमरेला लागतो, आणि काम काय करतो? मुंगीच्या पायांवर हनुवटी टेकून पडतो. (मुंगी म्हणजे आमची लेक. अकरा वर्षांची, एका जागी ठरत नाही.) ही भाजी चिरायला लागली की हिच्या मांडीला रेलून उभा राहतो, सगळं वजन टाकून. ही त्याच्याशी बोलते. माझ्याशी बोलत नाही इतकं!

राखणदार आणला होता की घरजावई?

शुक्रवार, ८ मार्च

आज महाराज माझ्या वाटेला गेले नाहीत. मेहेरबानी.

मंगळवार, १२ मार्च

सकाळी वखारवाला. स्वतःची लाकडाची वखार आहे, चार माणसं हाताखाली आहेत, आणि गाडी मागे घेताना उजवं-डावं कळत नाही. चाळिसावा धडा! आज एका म्हातारीला उडवलंच असतं. माझ्या पायाखाली दुसरा ब्रेक असतो म्हणून म्हातारी वाचली. दिवसभर असल्यांच्या शेजारी बसून, "छान, पुन्हा करू या," असं गोड बोलायचं. दिवसभर! मग घरी आल्यावर माणसाने जरा आवाज काढला तर आकाश कोसळतं का?

घरी आलो तर माझ्या धड्यांच्या वहीवर मुंगीने रंगाचं पाणी सांडलेलं. आठवड्याच्या वेळा पुसल्या गेल्या. घड्याळ काढलं, म्हटलं, "इकडे ये."

ती आली नाही. काळ्या आला.

या वेळी ओठ वर गेला आणि दात दिसले. मी त्याच्या गळ्यातला पट्टा धरायला हात पुढे केला तर घशातून आवाज काढला. खाल्ल्या मिठाला तरी जागावं! मुंगी त्याच्या मागे, मुंगीच्या मागे भिंत. ही दारातून म्हणाली, "मी लिहून देते सगळ्या वेळा, मी फोन करते सगळ्यांना." मी बाहेर निघून गेलो. काय करणार, कुत्र्याशी कुस्ती खेळणार?

गुरुवार, १४ मार्च

हिला साफ सांगितलं — या घरात एक तर तो राहील नाहीतर मी.

ही म्हणाली, "तो कधी कुणाला चावलाय का?"

म्हटलं, चावेपर्यंत वाट बघायची? एकाच जनावरात दोन गोष्टी नांदत नाहीत. लाडोबा तरी हवा नाहीतर पहारेकरी. दोन्ही असलं की डोकं फिरतं, तसं याचं फिरलंय. ही कामाला जाते त्या दवाखान्यात येणाऱ्या कुणाची तरी बहीण कुत्री शिकवते म्हणे. तिला बोलावू या, म्हणाली. बोलाव. जाणकाराच्या तोंडूनच ऐक एकदा.

रविवार, १७ मार्च

आली. बुटकी, केस कापलेली, पायात कॅनव्हासचे बूट. वाटलं होतं शिट्टी, काठी, काहीतरी काढेल. ती बया खुर्ची कोपऱ्यात ओढून तासभर नुसती बसली. "तुम्ही रोजचं चालू ठेवा." घरात परकं माणूस टक लावून बसल्यावर रोजचं कसं चालणार!

मुंगीने त्याचे कान ओढले, पाठीवर आडवी पडली. हूं की चूं नाही. मग ती बया बाहेर जाऊन घंटी वाजवून आली, तर दारात छाती काढून असा भुंकला की वरच्या मजल्यावरचे खाली आले. हिने हळूच "बस" म्हटलं आणि बसला. मी म्हणालो, बघितलंत? घडीत लोळतो, घडीत खायला उठतो. डोकं ठिकाणावर नाही.

ती म्हणाली, "अहो, ती एकच गोष्ट आहे. ज्याच्यावर जीव असतो त्यालाच तो राखतो. जीव नसेल तर राखेल कशाला?"

वा! पुस्तकी पोपट. मी वहीच्या रंगाची गोष्ट सांगायला लागलो, तर ही मध्येच — "पण तुम्ही तेव्हा चिडला होतात." परक्या बाईसमोर! मी घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. काळ्या उठला.

ती बया खुर्चीवरून पुढे वाकली. म्हणाली, "घड्याळ परत घाला बरं."

मला कळेना. घातलं. काळ्या बसला.

"आता काढा."

उठला. घातलं, बसला. तीन वेळा! सर्कस झाली माझ्या घराची. पहिल्यांदा मुंगी हसली. दुसऱ्यांदा हसली नाही. तिसऱ्यांदा ती आईचा हात धरून उभी होती.

"कुत्रा अगदी शहाणा आहे," ती म्हणाली. "ओरडणं सुरू व्हायची वाट बघत नाही, त्याच्या आधीच उठतो. घड्याळाचं काय आहे, ते तुम्हालाच माहीत असेल." मी तिला तिची पिशवी हातात दिली आणि दार उघडलं. चहाही अर्धाच प्यायली होती.

सोमवार, १८ मार्च

घड्याळाचं काय आहे! काय असणार?

इथे लिहायला हरकत नाही, वाचणारं कोण आहे. एकदा, गेल्या वर्षी, हात उठला होता. एकदाच. (मुंगीला चापटी मारली ती धरत नाही, मुलांना मारतातच.) घड्याळाच्या पट्ट्याची कडी लागली आणि हिच्या भुवईवर खाच पडली. टाके नाहीत, काही नाही. पण खूण राहिली. तेव्हापासून राग यायला लागला की मी आधी घड्याळ काढून ठेवतो. पुन्हा कुणाला लागू नये म्हणून! काळजीपोटी! किती पुरुष एवढा विचार करतात? आणि तीच गोष्ट एक कुत्रा माझ्यावर उलटवतो, आणि घरातले सगळे माना डोलावतात.

काढून ठेवलं आणि काही केलंही नाही असं कितीदा झालंय. ते कुणी मोजलं नाही.

गुरुवार, २१ मार्च

ताप. तीन धडे रद्द. ही कामावर, मुंगी शाळेत, घरात मी आणि तो.

दुपारी पलंगाशी आला. मी म्हटलं, चल हट. हटला नाही. खाली बसला, मग डोकं माझ्या छातीवर ठेवलं आणि डोळे मिटले. जड होतं डोकं. गरम. मला ढकलायची ताकद नव्हती म्हणून राहू दिलं. उठलो तेव्हा चार वाजले होते, माझा हात त्याच्या मानेवर होता.

लबाड. आपला निकाल लागलाय हे त्याला कळलंय, म्हणून ही मस्का पॉलिश!

शनिवार, २३ मार्च

आज सोडून आलो. वखारवाल्याला लाकडावर राखण हवीच होती. परवापासून मागे लागला होता, "मास्तर, द्या ना मला." त्याचं तरी काही भलं झालं, गाडी चालवायला तर कधी येणार नाही.

हिने त्याचं भांडं आणि पांघरूण एका पिशवीत घालून दिलं. मुंगी रडेल, आरडाओरडा करेल, याची मी तयारी ठेवली होती. तिने नुसतं विचारलं, "बाबा, तो परत कधी येणार?" म्हटलं, येणार नाही. "बरं," म्हणाली आणि आत गेली. बरं! एवढं सोपं होतं, उगीच महिनाभर डोक्याला ताप.

मागच्या सीटवर बसला आणि वाटभर हनुवटी माझ्या खांद्यावर. वखारीत साखळी घातली तेव्हाही माझ्याकडे बघून बुटकी शेपूट हलवत होता. गाढव. मी मागे वळून पाहिलं नाही.

बुधवार, २७ मार्च

घर कसं शांत! भांडण नाही, तंटा नाही. ही विचारलं तेवढंच बोलते. निरोप सगळे कागदावर लिहून फ्रिजला लावलेले असतात, वेळेसकट. मुंगी जेवण झाल्या झाल्या आपलं ताट धुऊन ठेवते. सांगावं लागत नाही. बघा, दोष कुणाचा होता ते.

फक्त दार उघडलं की माझा पाय आपोआप त्याला ओलांडायला उचलला जातो. सवय. जाईल.

शनिवार, ३० मार्च

वखारवाल्याचा फोन — कुत्रा खात नाही. म्हटलं, भूक लागली की खाईल. रोज काय फोन करायचा? धडा मागे पडतोय त्याचं बघ म्हणावं.

रविवार, ३१ मार्च

सकाळी बेसिनखालचा पाईप गळत होता. माझा मूड चांगला होता, खरंच चांगला होता, शीळ घालत होतो. ही ओट्याशी पोळ्या करत होती. पाण्यात हात घालायचा म्हणून मी घड्याळ काढून टेबलावर ठेवलं.

मुंगी अभ्यास करत होती. तिने पेन्सिल खाली ठेवली. उठली. सावकाश आली आणि माझ्या आणि आईच्या मध्ये उभी राहिली, पाय रोवून. माझ्या तोंडाकडे बघत नव्हती, घड्याळाकडे बघत होती. मी म्हटलं, अगं पाईप, पाईप दुरुस्त करतोय. ती हलली नाही.

काळ्याचे पाय कधी थरथरले नव्हते. मुंगीचे थरथरत होते.