पाऊण मीटरचं पाऊल

६ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

इकडे सर्व क्षेम, आणि बातमी आनंदाची आहे. रविवारी आमच्या नागरिक मंडळाची वार्षिक पाच किलोमीटरची शर्यत झाली. अध्यक्ष या नात्याने झेंडा मीच दाखवला आणि पळालोही. वय बाहत्तर, वेळ एकतीस मिनिटं. एकसष्टाव्या वर्षी याच अंतराला तेहतीस लागली होती. गेल्या महिन्यात डॉक्टर म्हणाले होते की हृदय थकलंय, आता फक्त चाला. त्यांचं यंत्र काहीही म्हणो, घड्याळ खोटं बोलत नाही.

जुना रस्ता पाइप टाकायला खणलाय, म्हणून यंदा कालव्याकाठचा नवा मार्ग मी स्वतः मोजून दिला. फौजेत पूल बांधणाऱ्या तुकडीत असताना माझं पाऊल बरोबर पाऊण मीटरचं पडतं, असं साहेबांनी लेखी दिलं होतं. सहा हजार सहाशे सदुसष्ट पावलं टाकली की पाच किलोमीटर. कारखान्यात शिडीची पायरी न् पायरी टेपने तपासतो, पण रस्त्याला हा पाय पुरे आहे.

दोनशे बारा जण धावले आणि एकूण एकाची वेळ सुधारली. पोस्टमास्तरसुद्धा चार मिनिटांनी सुधारले. लोक याचं श्रेय मी घेतो त्या सकाळच्या कवायतीला देतात. मी नाही म्हणत नाही. एकोणीसला माझा सत्कार आहे. पुढच्या महिन्यात तुमच्या शहरात एकवीस किलोमीटरची शर्यत आहे, तिच्यात नाव घातलंय. मुक्काम अर्थात तुझ्याकडे. ही मात्र काहीच बोलत नाही. बहुधा अभिमान वाटत असावा.

लोभ असू द्यावा, हे तुला सांगायला नकोच.

तुझा भाऊ,
कमांडर (इकडे सगळे असंच म्हणतात)


११ फेब्रुवारी

चि. टिल्लूस,
अ. उ. आ.

पत्र पावलं. बाहत्तराव्या वर्षी तू एकसष्टचा झालास, बरं वाटलं. माझंही काही जमतंय का बघ, मी अठ्ठ्याहत्तरची आहे.

खोली झाडून ठेवते. पण शिड्या विकून लोकांना वर चढवणं हा तुझा धंदा. स्वतःच वर जायची एवढी घाई कशाला, ते समजलं नाही.

छत्तीस वर्षं मुलांना गणित शिकवलं, त्यामुळे एक किडा डोक्यात वळवळतोय. दोनशे बारा माणसं, आणि एकही मागे पडलं नाही? तुमच्या पोस्टमास्तरांना स्टुलावरून उठायला दोन प्रयत्न लागतात, हे मी स्वतः पाहिलंय. वर्गात पहिला आणि शेवटचा, दोघांनाही पैकीच्या पैकी मिळाले की मी मुलांना काही विचारत नसे. प्रश्नपत्रिका तपासत असे.

घड्याळ खरंच असेल. एकदा रस्त्याला विचार. साहेबांचा तो कागद कधीचा आहे, तेही बघ. त्यातला तू तेवीस वर्षांचा आहेस.

रागावलास तरी लोभ ठेव, पत्र टाक.

तुझी,
ताई


१६ फेब्रुवारी

ती. वन्सं यांस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र यांनी मोठ्याने वाचायला घेतलं आणि प्रश्नपत्रिकेपाशी आल्यावर मनातल्या मनात वाचायला लागले. मग अर्धा चहा टाकून, कारखान्यातला पन्नास मीटरचा टेप आणि दोन कारागीर घेऊन कालव्यावर गेले. रस्ता चार हजार चारशे मीटर भरला. टेप खराब असेल म्हणून दुसरा मागवला. तोही तेवढंच म्हणाला. घरी आल्यावर एकच वाक्य बोलले, की पाऊल नऊ सेंटिमीटरने आखडलंय. त्यानंतर बूट पुसत बसले, तेही स्वच्छच होते.

वन्सं, मला हे दोन वर्षं ठाऊक आहे. कसं, ते विचारू नका. जिना चढताना मधल्या वळणावर थांबून भिंतीचा रंग तपासतात. रोज. रंग गेल्याच वर्षी दिलाय.

रविवारी सत्कार आहे. यांना द्यायच्या फलकावर एकतीस मिनिटं कोरून तयार आहेत. हे खरं बोलले तर गावात नाक कापलं जातं, आणि नाही बोलले तर एकवीस किलोमीटर पळावं लागतं. नाकाचं मला काही नाही. तुमच्या शहरातून यांना आडवं आणायची वेळ येऊ नये, एवढंच. माझ्या ऐकण्यातले नाहीत, तुमच्या आहेत. नाव काढून घे म्हणून लिहा.

माझ्यावर आहे तशीच माया असू द्या.

तुमची,
भावजय


२४ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

सत्कार पार पडला. उभं राहून सांगितलं, की मार्ग सहाशे मीटर कमी आहे, चूक माझ्या पायाची, सगळ्यांच्या वेळा रद्द, पहिली माझी. अशी शांतता मी यापूर्वी फक्त सुरुंग उडण्याआधी ऐकली होती.

पोस्टमास्तर उठले, आणि तेही एका प्रयत्नात. म्हणाले, आपलं प्रमाणपत्र चौकट करून भिंतीवर लावलंय, ते उतरणार नाही. बेकरीवाल्याने सूचना मांडली, औषधवाल्याने अनुमोदन दिलं, आणि मार्ग पाच किलोमीटरचाच आहे असा ठराव दोनशे अकरा विरुद्ध एक मताने मंजूर झाला. त्यावर अध्यक्षाची सही लागत होती. मी राजीनाम्यावर केली. तरी फलक देऊनच पाठवलं. कारखान्यातल्या डुगडुगत्या टेबलाखाली तो नेमका बसला.

एकवीस किलोमीटरमधून नाव काढलं. तुझं दुसरं पत्र त्यानंतर पोचलं, तेव्हा श्रेय घेऊ नकोस.

सभेतून चालत परतताना हिने सांगितलं, की हे हिला दोन वर्षं ठाऊक होतं. विचारलं, मग बोलली का नाहीस. म्हणाली, लग्न झाल्यापासून तुमच्या मागून धावत चालले, बाजारात काय, दवाखान्यात काय. सगळी ओळख तुमच्या पाठीशीच. दोन वर्षांपूर्वी एके दिवशी बघते तर तुम्ही शेजारी. आधी वाटलं, आपलाच दम वाढला. मग कळलं, पण तक्रार कुणाकडे आणि कशाची करायची.

मी बुटाची नाडी बांधायला खाली वाकलो. ती सुटली नव्हती, हे हिने पाहिलं.

तिकिटं काढलीच आहेत, तेव्हा दोघं येतो. स्टेशनावर कुणाला पाठवू नकोस, चालत येऊ. माझ्या जुन्या मोजणीने तुझं घर आठशे पावलांवर आहे. आता किती भरतात, ते ही मोजणार आहे. चहा जरा उशिरा टाक.

लोभ आहे तेवढा राहू दे. त्यातले नऊ सेंटिमीटर कमी करू नकोस.

तुझा,
टिल्लू