गजरीला न मानवलेलं ऑइल

कोल्हापूर, गवळी गल्ली
२८ सप्टेंबर २०२५

ती. अनुजाआक्कास,
धाकट्या धैर्यशीलचा दोन्ही कान धरून नमस्कार. वि. वि.

आक्के, करू नये ते केलंय. आबांच्या बुलेटचं ऑइल बदललंय. आबांना न विचारता, आबा दुपारी झोपलेले असताना, आणि ते पण चांगलं ऑइल घालून.

तू म्हणशील ह्यात कसलं पाप? आधी सगळं वाच, मग वरड. माझा फोन गणपतीपासनं आबांच्या कपाटात हाय. मी गल्लीच्या ग्रुपवर ‘उद्या पाणी येणार न्हाय’ असं टाकलं, आणि सगळ्या गल्लीनं घागरी, पिंपं, वाट्यासुदीक भरून ठेवल्या. दुसऱ्या दिवशी नळ नुसता धो धो. कुणी टाकलं ते आबांना बरोबर कळलं. आता आईच्या फोनवर तुझ्याशी बोलावं तर ती भाकरी थापताना स्पीकर लावती, आणि शेजारच्या काकू मधनंच दाजींची तब्येत विचारत्यात. म्हणून ज्ञानूकडं पत्र दिलंय. तो टेंपोतनं वाडीला खवा घेऊन येतोच, तुमच्या पेढ्याच्या दुकानात टाकंल.

तर फोन न्हाय, आणि धारेला अजून अवकाश. दुपारभर जीव नुसता गोठ्यातनं ओसरीत, ओसरीतनं गोठ्यात. बुलेट काढून रंकाळ्यावर एक चक्कर मारावी म्हटलं तर आबा झोपंत पण तिची टकटक ऐकत्यात. तुला म्हाईत हाय की, आज्ज्याच्या वेळची गाडी, आत सगळं झिजलेलं. त्यात आबा ज्ञानूच्या टेंपोचं काढलेलं काळं ऑइल फडक्यानं गाळून घालत्यात. जुन्या गाडीला कोरं ऑइल दिलं की ती माजती म्हणं. ते ऑइल पाक पाणी झालेलं, मग इंजनातलं टॅपेट वाजणार न्हाय तर काय! आत कोण सुपारी कातरत बसलंय असं वाटतंय.

म्हटलं, ही टकटकच मारली तर? मग आबा झोपलेले आणि मी रंकाळ्यावर. दोस्त ऋतुराजच्या फोनवर व्हिडिओ बघितले. एक बाबा म्हणतोय, सिंथेटिक पाच-तीस घाला, इंजन लोण्यागत पळतंय. शाहूपुरीत दुकानात जाऊन तेच मागितलं. दुकानदारानं गाडीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाला, पावणं, ते पातळ ऑइल नव्या गाड्यांचं, त्यांच्या आत केसागत फटी असत्यात. ह्या म्हातारीत घातलंसा तर निम्मं गळंल आणि निम्म्याचा धूर होईल. हिला साधं मिनरल वीस-पन्नास घाला, तापलं तरी अंग सोडत न्हाय. तेच घेतलं. आबा घोरायला लागल्यावर खालचा नट खोलला, काळं ऑइल काढून गोठ्याच्या खांबांना फासलं. वाळवी तरी मरंल.

आणि आक्के, जादूच! किक मारली तर नुसतं डग, डग, डग. टकटक गायब. रंकाळ्यावर भेळ खाऊन आलो तरी आबा घोरतच होते.

आता दुखणं सांगतो. आज सकाळी आबा गजरीला घेऊन पंचगंगेला निघाले. दिवाळीच्या पाडव्याला म्हशी पळवायच्या, आतापासनं सराव नको? गाडी चालू केली, पुढं गेले आणि हाळी दिली. ही म्हस दरवर्षी त्या गाडीमागं शेपूट वर करून पळती, दोरी नको का काठी नको. आज जागची हलली न्हाय. रवंथ करत भिंतीकडं बघत उभी. आबा फिरून आले, परत गेले, परत आले. सगळी गल्ली दारात. कृष्णाततात्यानं विचारलंच, बाळासो, म्हस रुसली का काय? आबा गाडी लावून आत गेले.

मला तवाच उमगलं. गजरी गाडी वळखती ती टकटकीवरनं. टकटक गेली म्हंजे तिच्या लेखी गाडीच गेली. आता काय करू सांग. उपाय आधी कळव, शिव्या सावकाश दे.

तुझाच,
धैऱ्या

•

नृसिंहवाडी
३ ऑक्टोबर २०२५

चि. धैर्यशील यास अनेक आशीर्वाद आणि एक रट्टा. रट्टा भेटीत मिळेल.

पत्र वाचलो आणि गल्ल्यावर बसून एकटाच हसत सुटलो. (सासूबाई पुण्याकडच्या. मी ‘आलो, गेलो, वाचलो’ म्हणतो ते त्यांना अजून पचलं नाही. कालच एका गिऱ्हाइकाला सांगत होत्या, आमची सून कोल्हापूरची, ती अशीच बोलायची.) वीस-पन्नास काय, पाच-तीस काय! एवढे आकडे दहावीला पाठ केले असतेस तर दोनदा बसावं लागलं नसतं.

पण धैऱ्या, ऑइल चांगलं घातलास त्यात चूक नाही. चूक लपवण्यात आहे. मी तुझ्या जागी असतो तर आबांना सरळ सांगितलो असतो. ते काय करतील? चार दिवस तुझ्याशी बोलणार नाहीत, आईला सांगतील, ‘त्याला म्हणावं जेवून घे.’ माझ्या लहानपणी मी त्यांच्या पुढं टाकीवर बसून घाटावर जायचो, तेव्हा मला चटका बसला म्हणून त्यांनी सायलेन्सरला पोतं गुंडाळलं होतं. असला माणूस. त्यांना काय भ्यायचं?

सांगायला जमत नसेल तर होतं तसलं ऑइल परत घाल. पण पाडव्याला आबा आणि गजरी घरात बसले असं होऊ देऊ नको. ज्ञानूकडं बासुंदी दिली आहे, डबा परत धाड. मागचे दोन डबे पण तुझ्याकडंच आहेत.

रागावली असली तरी तुझीच,
अनुजाआक्का

•

कोल्हापूर
९ ऑक्टोबर २०२५

ती. आक्कास नमस्कार. बासुंदी पावली, डबा शोधतोय.

सांगणं जमायचं न्हाय. ऑइल का बदललंस असं आबा विचारतील, मग रंकाळा निघंल, मग गाडीला हात लावायचं कायमचं बंद. आणि जुनं घालायला मन होत न्हाय गं. काल ऑइल मोजायची काडी काढून बघितली, ऑइल मधागत हाय. इंजन पहिल्यांदा सुखानं श्वास घेतंय. त्यात परत गटार वतू?

म्हणून दुसरं करून बघितलं. गाडीच्या मडगार्डला आतनं चमचा बांधला. वाजला, पर देवळातल्या घंटीगत. गजरीनं कान हलवला, बास. मग गोठ्यात लपून पकडीनं डब्यावर टकटक केली. ती आली की! मला वाटलं जमलं. तिनं पकड चाटली आणि परत गेली.

आबांचं काय कळंना. गाडी चालू करत्यात, खाली वाकून इंजनाला कान लावत्यात, बंद करत्यात, परत चालू. रोज आईकडनं कानात गरम तेल घालून घेत्यात. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मला एका जागी बसवंना झालंय. काल जेवताना तीन वेळा उठलो.

काहीतरी सुचव. तुझ्याशिवाय कुणाला सांगू?
धैऱ्या

•

कोल्हापूर
९ ऑक्टोबर २०२५

चि. सौ. अनुजा हिस बाळासोचा आशीर्वाद. इकडं सगळी खुशाल, तिकडची असावी.

मी तुला कधी पत्र लिवलं न्हाय म्हणून घाबरू नको. फोन केला असता, पर तू बोलशील ते मला नीट ऐकू येईल का न्हाय ह्याचा भरवसा वाटत न्हाय. म्हणून लिवतोय.

माझं कान चाललंत पोरी. बुलेट चालू हाय ते बुडाला कळतंय, कानाला कळत न्हाय. तिची ती टकटक गेली. तुझ्या आईचं बोलणं येतंय, चरवीत दुधाची धार पडती ती येती, पर बारीक आवाज गेला. माझ्या बाचं असंच झालतं. आधी बारीक आवाज गेला, मग देवळाची घंटा, मग माणसं. शेवटी आमी त्याच्याम्होरं नुसतं हात हलवायचो आणि तो हसायचा. ते हसणं अजून डोळ्याम्होरनं जात न्हाय.

गजरीनं पण वळखलं. मुकं जनावर, पर तिला कळलं की मालक पयल्यासारखा ऱ्हायला न्हाय. मागं येत न्हाय आता. कबनूरचा पावणा तिला मागतोय, पाडवा झाला की देऊन टाकणार. ज्याला आपल्या गाडीचा आवाज येत न्हाय त्यानं गर्दीत म्हस पळवू नये. कुणाचं पोरगं पायाखाली आलं तर?

दत्ताच्या पायाशी माझ्या नावानं नारळ ठेव. हे तुझ्या आईला सांगू नको, आणि धैऱ्याला तर न्हाईच. त्याचं हुंदडायचं वय हाय, हुंदडू दे. माझ्या वयाचं वझं त्याच्यावर आत्ताच नको.

जावयबापूंना, इहीणबाईंना नमस्कार. तुझ्यावर जीव हाय तो हायच, लिवायला नको.
बाळासो

•

नृसिंहवाडी
११ ऑक्टोबर २०२५

धैर्यशील,

आज आशीर्वाद नाही. ज्ञानूनं डाव्या खिशातनं तुझं पत्र काढलं आणि उजव्या खिशातनं आबांचं. दोघांनी त्याला शपथ घातली होती की दुसऱ्याचं सांगायचं नाही. मलाही आबांनी सांगू नको म्हटलंय. मी सांगतो. देव मला काय करायचं ते करू दे.

आबांना वाटतंय त्यांचे कान गेले. तुझ्या त्या वीस-पन्नासनं टकटक बंद झाली, आणि त्यांना वाटतंय ती वाजते आहे पण आपल्याला ऐकू येत नाही. आजोबांसारखं होणार म्हणून ते भ्यालेत, धैऱ्या. आपले आबा भ्यालेत. पाडवा झाला की गजरी कबनूरच्या पाहुण्याला देणार आहेत. तू पकडीनं डबे वाजवत बस.

दोनच वाटा आहेत. एकतर त्यांच्यापुढं उभं राहून सांग, नाहीतर ते काळं ऑइल कुठनं तरी आण आणि पाडव्याच्या आत घाल. इंजनाला काय वाटतं ते मला सांगू नको.

मी नारळ ठेवून आलो. कुणासाठी मागू तेच कळत नव्हतं, आबांसाठी का तुझ्यासाठी.

अनुजा

•

कोल्हापूर
२२ ऑक्टोबर २०२५, पाडवा

ती. आक्कास धैऱ्याचा जमिनीला कपाळ टेकून नमस्कार. वि. वि.

तुझं पत्र वाचल्यावर मला जेवण गेलं न्हाय. आबांच्या म्होरं गेलो, दोनदा गेलो. एकदा म्हणालो, आबा, पाणी देऊ का? दुसऱ्यांदा म्हणालो, आबा, वैरण टाकू का? तिसऱ्यांदा गेलोच न्हाय.

मग दुसरी वाट धरली. ज्ञानूकडं गेलो तर त्यानं दसऱ्याला टेंपोचं ऑइल बदललेलं, काढलेलं टाकून दिलेलं, आतलं अजून ताजं. म्हटलं वापरलेलं ऑइल कुठं पण मिळंल. मिळतंय, पर आपलं ते न्हवं! एका गॅरेजनं ट्रकचं दिलं, ते इतकं दाट की टकटक उठंना. दुसऱ्यानं कुठल्या तरी नव्या मोटारीचं दिलं, त्यानं टकटक सोडून भलतीच खडखड, वर निळा धूर. आबा आता गाडीकडं बघत पण नव्हते, म्हणून रोज ढकलत ऋतुराजच्या घरामागं न्यायचो. घालायचं, किक मारायची, ऐकायचं, काढायचं. शाहूपुरीतला तो दुकानदार मला वळखायला लागला. त्याला म्हणालो, ह्याच्यापेक्षा खराब दाखवा. तो म्हणाला, पावणं, तब्येत बरी हाय न्हवं?

शेवटी ज्ञानूलाच दया आली. त्याच्या चुलत्याचा तसलाच टेंपो, वरीसभर ऑइल न बदललेला. त्याचं काळं पाणी काल मिळालं. फडक्यानं गाळलं, आबा गाळत्यात तसंच. मधागत ऑइल बाटलीत काढून ठेवताना, खरं सांगतो आक्के, डोळ्यात पाणी आलं. किक मारली. टक टक टक. तीच. इंजन आतनं घासायला लागलं आणि मी नाचायला लागलो.

आज सकाळी आबा धार काढत होते. गजरीला सजवलं नव्हतं. कवड्यांची माळ, मोरपिसं सगळं खुंटीला तसंच. कबनूरचा पावणा म्हस बघायला यायचा होता. मी अंगणात गाडी चालू केली.

चरवीतली धार थांबली. गजरीनं दाव्याला असा हिसका दिला की खुंटा हलला. आबा बसल्या जागी मान वाकडी करून ऐकत होते. उठले, सावकाश माझ्याकडं आले, आणि बारक्या पोरागत विचारलं, धैऱ्या, हे वाजतंय का मला भास हुतोय? मी म्हणालो, वाजतंय की आबा. कायम वाजतंय. त्यांच्या डोळ्यात बघून म्हणालो.

त्यांनी खांद्यावरच्या टॉवेलनं तोंड पुसलं, लई वेळ पुसलं. मग आईला हाक मारली, अगं, माळ काढ.

आक्के, गजरी अशी पळाली! घाटापासनं गल्लीपर्यंत आबा म्होरं, ती मागं, तिचं नाक मडगार्डला टेकतंय एवढ्या जवळ. कृष्णाततात्यानं शिट्टी वाजवली. कबनूरचा पावणा आला, त्याला आबांनी फराळ दिला आणि म्हस द्यायची न्हाय म्हणून सांगितलं. मग गाडीची चावी माझ्या हातात दिली. म्हणाले, जा, फिरून ये, तुझा आवाज कुठवर येतोय बघतो. मी रंकाळ्याच्या वळणापर्यंत गेलो. परत आलो तर ओसरीवर बसलेले, वळणाला गिअर टाकलास ते पण ऐकू आलं म्हणाले.

आता माझं ऐक. हे ऑइल इंजन खाणार. मला म्हाईत हाय, आज चालवताना मांडीखाली कळत होतं. खाऊ दे. सिलिंडर बोअर करता येतंय, पिस्टन नवा मिळतोय, मी शिकून उतरवीन सगळं. आबांचा तो चेहरा मला परत बघायचा न्हाय. खोटं बोललोय ते आत्ता लिवताना पण एका जागी बसू देत न्हाय. एक दिवस सांगीन. माझ्या तोंडानं सांगीन, पर मला वेळ दे.

तू उद्या भाऊबीजेला येणार, आणि आल्याआल्या तोंड उघडशील ही भीती. म्हणून हे ज्ञानूकडं पुढं धाडतोय, निघायच्या आधी वाच. आबा तुला बाजूला घेऊन सांगतील की कान परत आले. तवा तोंडाचा आ कर, नारळाचं नाव काढ, पायजे तर रड. पर ऑइलचं अक्षर काढू नको. त्यांचं गुपित तू दोन दिवसांत फोडलंस म्हणून हात जोडतोय. आईला न्हाय, दाजींना न्हाय, सासूबाईंना तर मुळीच न्हाय. तुला ओवाळणीत काय पायजे ते माग, तुझे तिन्ही डबे घासून देतो, पर आक्के, पाया पडतो, कुणाला सांगू नको.

धैऱ्या