नामदार, घरी कधी?

बाबा, काल एका गॅरेजवरून जाताना ग्रीसचा वास आला आणि मस्कतच्या रुवी भागातलं, तुम्ही नोकरी करायचात ते स्पेअर पार्ट्सचं दुकान डोळ्यांपुढं उभं राहिलं. नव्वदचं दशक. संस्कृतात नुकताच एम.ए. झालेला मी, आईच्या सांगण्यावरून तुम्हाला कायमचं घरी न्यायला आलो होतो, आणि तुम्ही विषयच काढू देत नव्हता.

त्या संध्याकाळी गाड्यांच्या कंपनीतला जपानी इंजिनियर काउंटरशी चहा पीत बसलाय. तुमचे अर्बाब, दुकानाचे ओमानी मालक, नुकतेच बरका गावी गेलेत. तुम्ही त्याला विचारता, "अवर अर्बाब, सेम सेम जपान में कौन?" तो हसतो. "ओल्ड टाइम, दाइम्यो." मी लगेच सरसावतो, "दाय म्हणजे वारसा. हे तर संस्कृतच!" तुम्ही म्हणता, "शास्त्रीबुवा, कार्बोरेटरचाही विग्रह करा, पण आधी त्याला बोलू दे."

दाइ म्हणजे मोठं, म्यो म्हणजे नाव, त्यानं सांगितलं. पूर्वी जमीन धारकाच्या नावानं ओळखली जाई. अशा पुष्कळ जमिनी ज्याच्या ताब्यात, तो मोठ्या नावाचा. "म्हणजे आपला नामदार," मी उरलीसुरली अब्रू सावरत म्हटलं. पुढं या नामदारांच्या डोक्यावर शोगुन, म्हणजे सर्वसत्ताधीश सेनापती, बसला. त्याचा दंडकच होता, एक वर्ष आपल्या मुलखात राहायचं, एक वर्ष राजधानीत. बायकामुलं मात्र कायम राजधानीत, ओलीस.

तुम्ही कप खाली ठेवलात. "आमचं दोन वर्षांनी दोन महिने घरी. पासपोर्ट अर्बाबकडे, बायको रत्नागिरीला. मग मीही नामदारच की!" हशा पिकला. तेवढ्यात मी विचारून घेतलं, "नामदार, घरी कधी?"

"इन्शाल्ला," तुम्ही म्हणालात, माझ्याकडे न बघता.

तुमच्या त्या इन्शाल्लाला पुढलं शतक उजाडावं लागलं. आलात ते आईलाच अर्बाब म्हणू लागलात. "अर्बाब, चहाची परवानगी आहे?" ती लाजायची, "अहो, पुरे" म्हणायची, तुमचं नाव मात्र तिनं कधी घेतलं नाही. फार वर्षं नाही लाभलं तिला ते राज्य; तुम्ही कायमचे गेलात.

हल्ली ती पुष्कळ विसरते. मघाशी या पत्राच्या पाकिटावर तुमचं नाव लिहिताना लक्षात आलं, मीही ते कधी उच्चारलेलं नाही. मोठ्यानं म्हणून पाहिलं. स्वयंपाकघरातून आईनं विचारलं, "आले का?"

मी हो म्हणालो, बाबा. आता हे पत्र पाठवू तरी कुठं?