चपलांचा वर्ग

बाबा,

'तीर्थरूप' लिहायला हात वळत नाही, तेव्हा एवढ्यावरच भागवा.

नातीला शाळेत घालणार नाही, घरीच शिकवणार, हे कळल्यावर तुम्ही दादाकरवी निरोप धाडलात, "पोरगी अडाणी राहील." तीस वर्षं मुख्याध्यापक म्हणून मिरवलात, पण शिकवलंत काय? हाताची घडी, तोंडावर बोट. आम्हाला तर घरीसुद्धा, जेवायच्या ताटावरसुद्धा तेच.

माझी अडीच वर्षांची पोर दोरीवरचे चिमटे मोजते. पाचानंतर थेट नऊ म्हणते आणि मी टोकत नाही. तुम्ही एव्हाना कान पिळला असता. म्हणून तर तुमची सावलीही मी तिच्यावर पडू दिलेली नाही.

आज सकाळी मात्र तिनं घरातल्या सगळ्या चपला भिंतीशी ओळीत मांडल्या. कमरेवर हात ठेवून समोर उभी राहिली आणि त्यांच्यावर खेकसली, "हाताची घडी, तोंडावर बोट!"

तिनं अजून शाळा पाहिलेली नाही, तुम्हालाही नाही. दिवसभर घरात आम्ही दोघीच असतो.

हे पत्र मी पाठवणार नाही. तुम्हाला फार आनंद होईल.

तुमच्यावरच गेलेली,
मुलगी