साठच्या पुढचा आवाज

सोमवार, ९ जानेवारी १९८४

आज परत तीच फियाट! डॉक्टर सुमनबाई बाळंतपणं करायला पार चांदवडपर्यंत एकट्या गाडी हाकतात. म्हणतात, "मिस्त्री, काटा साठच्या पुढे गेला की घरघर येते." ओझरपर्यंत पळवून आणली. काही नाही. सत्तरला नेली — तरी नाही. नाशकात द्वारकेला वीस वर्षं गॅरेज चालवतोय, लोक मला कानवाला मिस्त्री म्हणतात. आवाज असता तर मला आला नसता? तसं तोंडावर सांगितलं. बाईंनी चावी काही परत घेतली नाही.

मंगळवार, १० जानेवारी

टायर पुढचे मागे, मागचे पुढे केले. शाफ्टच्या सांध्यातला क्रॉस बदलला. बाई चक्कर मारून आल्या. "आहे तसाच आहे." डोकं सणकलं.

बुधवार, ११ जानेवारी

निवृत्तीला बरोबर घेतलं. दहा वर्षं माझ्या हाताखाली आहे, खोटं बोलायचा नाही. आडगाव सोडलं आणि म्हणाला, "केवढं घरघरतंय हो मिस्त्री." मी म्हटलं, हो, तेच बघतोय. खोटं बोललो मी. मला नुसतं इंजिन आणि वारा.

गुरुवार, १२ जानेवारी

सकाळी मनगटावरचं घड्याळ काढून कानाला लावलं. बंद. चावी दिली. बंदच. चांगुणा स्टोव्हपाशी होती. जवळ येऊन म्हणाली, "किती पिळता? चालू हाय की." बघितलं तर सेकंदाचा काटा पळत होता.

भ्यायलो. बायकोसमोर हसलो, पण भ्यायलो.

शुक्रवार, १३ जानेवारी

गाडी सोडली नाही. बाईंना म्हटलं, दोन दिवस एस.टी.ने जा. साठच्या वेगात चाक जाम झालं की काय होतं, ते मी चांदवडच्या घाटात बघितलंय. शोधल्याशिवाय चावी देणार नाही.

शनिवार, १४ जानेवारी

संक्रांत. चांगुणाला गाडीत शेजारी बसवलं. नवसाबाई शेजारीण ओट्यावरून बघतच राहिली. तिला वाटलं, मिस्त्री बायकोला सणाचा फिरवतोय. वाटू दे.

चांगुणाला सांगितलं — आवाज आला की हात वर. वाढला की आणखी वर. गेला की मांडीवर. साठला हात वर गेला. गिअर काढून गाडी नुसती वाहू दिली, हात तसाच. म्हणजे इंजिन नाही, चाक. स्टिअरिंग जरा डावीकडे ओढलं, हात टपाला टेकला. उजवीकडे ओढलं, खाली आला. डावीकडे वळताना भार उजव्या अंगाला येतो, म्हणजे उजवं चाक! पुढचं की मागचं? थांबून तिला मागे बसवलं. म्हणाली, "हितं कमी हाय. पुढं लय येतंय, रिकामं जातं फिरवल्यावानी." जागच्या जागी गाडी वळवली.

एक अक्षर विचारलं नाही तिने, मला का येत नाही म्हणून.

रविवार, १५ जानेवारी

पुढचं उजवं बेअरिंग काढलं. गोळ्यांचे टवके उडालेले, कडी खरवडलेली. अजून चांदवडच्या दोन खेपा झाल्या असत्या तर चाकच बसलं असतं. सुमनबाई हातात घेऊन बघतच राहिल्या. "मिस्त्री, कान असावा तर असा." चांगुणा तिथंच उभी होती. मी मान खाली घालून नवं बेअरिंग बसवायला घेतलं.

संध्याकाळी चांगुणाला विचारलं, तुला कधीपासून ठाऊक?

"दोन वर्सं झाली. लांबून हाक मारायचं सोडलंय मी. जवळ येऊन सांगते."

सोमवार, १६ जानेवारी

दोन वर्षं! ही वही मागपर्यंत चाळली. या दोन वर्षांत 'आवाज नाही, बिनधास्त जा' म्हणून मी परत धाडलेल्या गाड्या एकोणीस. त्यात देवळ्याची ती जीप, शाळेच्या पोरींना ने-आण करणारी. सकाळी तिथूनच सुरुवात. चांगुणा पुढे बसेल. मालकाला आधी सांगायचं, मला ऐकू येत नाही. मग चाक उचलायचं.