दोनशे तेरावं कुलूप

ती. ताईस,

धाकट्या भावाचा शिरसाष्टांग नमस्कार. पाकीट फोडलंस याबद्दल आधी आभार. (फोडलं नसशील तर हे वाक्य तू वाचतच नाहीयेस, तेव्हा प्रश्न मिटला.) गुडघा कसा आहे? जिना चढताना मधल्या पायरीवर दम खायला थांबायचं, आणि कुणी आलंच तर भिंतीचा रंग न्याहाळत असल्याचा आव आणायचा, हे अजून चालू आहे का? आणि खिडकीतलं ते हट्टी रोप, ज्याला आठ वर्षांत एकच फूल आलं, तेही तू बाहेर गेली असताना? मी खुशाल आहे. म्हणजे जेवतो, ऑफिसला जातो, कपाळ दर वर्षी बोटभर वर सरकतं. पण तू बोलत नाहीस त्याला येत्या महिन्यात दोन वर्षं होतील, आणि रविवारचं काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही. शनिवारपर्यंत मी बरा असतो. रविवारी सकाळी अंघोळ करून, कपडे घालून तयार होतो, आणि मग आठवतं की कुठे जायचंच नाहीये. मग कपाट आवरतो. माझं कपाट सध्या इतकं नीट आहे की तू ओळखणार नाहीस.

तू नेहमी विचारायचीस, की कुलपं बनवणारे बनवतात, विकणारे विकतात, मग तू तिथे करतोस काय? मी सांगायचो, लोकांचा कंपनीवर विश्वास बसावा म्हणून लिहितो. यावर भावजी चष्मा पुसत म्हणायचे, की कुलूप चांगलं असेल तर लिहायला कशाला लागतं? मी हसण्यावारी न्यायचो. गेल्या दोन महिन्यांत ऑफिसात जो तमाशा झाला तो पाहिल्यावर वाटलं, भावजींना आमच्या संचालक मंडळावर घ्यायला हवं होतं. तोच तमाशा तुला सांगायचा आहे. जरा लांबण लागेल, पण तू निवृत्त आहेस आणि मला सवय आहे.

झालं असं, की आमच्या जनसंपर्क विभागाने एक समारंभ ठरवला. विभागप्रमुख तुला माहीतच आहेत, ते दुरुस्तीसाहेब. (हे नाव त्यांच्या माघारी. कुणी नुसतं ‘शुभ सकाळ’ लिहिलं तरी ‘शुभ’च्या जागी दुसरं काही बसतं का हे ते पाहतात.) समारंभाचं नाव ‘विश्वासाची पंचवीस वर्षं’. सभागृहाच्या दाराला आमचं कुलूप बसवलं होतं. पत्रकार आत आल्यावर चेअरमनसाहेबांनी स्वतः दार आतून लावलं, चावी खिशात टाकली, आणि जाहीर केलं की आता या जगात दुसरी कुठलीही चावी हे दार उघडू शकत नाही. टाळ्या पडल्या. तेवढ्यात दार उघडलं आणि चहावाले काका ट्रे घेऊन आत आले. लोकांना वाटलं कार्यक्रमातलाच भाग आहे, म्हणून त्यांनी आणखी टाळ्या वाजवल्या. काकांनी अगदी निरागसपणे सांगितलं, “दार लागलेलं होतं, चहा गार होत होता, म्हणून घरची चावी लावून पाहिली. लागली!” चेअरमनसाहेबांचा चेहरा तेव्हा कसा झाला हे मी लिहू शकत नाही, कारण दुरुस्तीसाहेबांनी सगळे फोटो पुसून टाकायला लावले.

चौकशी झाली. दोन वर्षांपूर्वीच्या एका दुपारी कारखान्यात चाव्या कापायच्या यंत्रावरचा साचा बदलायचा राहून गेला होता. त्या दुपारी तयार झालेली सगळी कुलपं एकाच चावीने उघडत होती. त्यातलं एक सभागृहाच्या दाराला लागलं होतं, आणि उरलेली दोनशे तेरा याच शहरात विकली गेली होती. म्हणजे दोनशे तेरा घरांतली माणसं रोज दार लावून, दोनदा ओढून बघून निश्चिंत होत होती, आणि प्रत्येकाच्या खिशात बाकीच्या दोनशे बारा घरांची चावी होती. आता तू म्हणशील की लगेच लोकांना कळवलं असेल. ताई, तू फार साधी आहेस. आम्ही निवेदन लिहायला बसलो. पहिल्या मसुद्यात मी ‘दोष’ लिहिलं होतं. दुरुस्तीसाहेबांनी त्याची ‘त्रुटी’ केली. वकीलबाईंनी त्रुटीची ‘तांत्रिक बाब’ केली. सातव्या मसुद्यात असं वाक्य होतं, की आमच्या काही चाव्या अपेक्षेपेक्षा अधिक कुलपं उघडण्यास समर्थ आहेत. अकराव्या मसुद्यात कुलपाचा उल्लेखच उरला नव्हता. ते इतकं गुळगुळीत झालं होतं, की वाचून ग्राहकाला वाटलं असतं आपल्याला बक्षीस लागलंय.

बाराव्या मसुद्याच्या वेळी कारखान्यातले मिस्त्री वर आले. पंचवीस वर्षांची नोकरी, हाताला कायम तेलाचा वास. त्यांनी दारातूनच विचारलं, “लोकांना सांगितलं का?” आम्ही म्हटलं, लिहितोय. ते म्हणाले, “तोवर त्यांची दारं उघडीच आहेत की.” दुरुस्तीसाहेबांना यातला एकही शब्द दुरुस्त करता आला नाही. (मी त्यांच्यासाठी पेन पुढे केलं होतं. त्यांनी ते घेतलं, टोपण लावलं आणि खिशात ठेवलं. माझं पेन होतं.)

मग ठरलं की वॉरंटी कार्डांवरचे पत्ते काढून सगळ्यांना फोन करायचे. फोन करणार कोण, तर मी, कारण माझा आवाज विश्वासू आहे असं मंडळींचं मत पडलं. तू जरा विचार कर. दुपारी फोन वाजतो आणि एक अनोळखी पुरुष गोड आवाजात सांगतो, की बाई, तुमच्या दाराचं कुलूप कुणालाही उघडता येतं, मंगळवारी घरी कोण कोण असतं? पहिल्या बाईंनी फोन आपटला. दुसऱ्या गृहस्थांनी शिव्या घातल्या. तिसऱ्या आजींनी फार मायेने पाऊण तास बोलण्यात गुंतवून ठेवलं, मला वाटलं एक तरी माणूस भेटलं, आणि तेवढ्यात आमच्या ऑफिसात पोलीस आले.

शेवटी मिस्त्री आणि मी दोघांनी घरोघरी जायचं ठरवलं. ताई, विश्वास या विषयावर मी अठरा वर्षं लिहीत आलोय, पण तो बसताना मी पहिल्यांदा पाहिला. मिस्त्री बेल वाजवून दोन पावलं मागे सरकून उभे राहतात. आत या म्हटल्याशिवाय उंबऱ्याला पाय लावत नाहीत. आधी आमची चावी घरच्यांच्या हातात देऊन त्यांच्याच दाराला लावायला सांगतात, म्हणजे किती वाईट परिस्थिती आहे ते त्यांनाच दिसतं. मग म्हणतात, “ही माझी चूक. साचा मी बदलायला हवा होता.” पुढे काही नाही. मी पहिल्या दिवशी घाईघाईने पुढे होऊन ‘कंपनी आपल्या सुरक्षिततेशी बांधील’ वगैरे सुरू केलं, तर त्यांनी माझ्या हातात स्क्रू धरायला दिले. माणसं चिडतात, बोलतात, मिस्त्री ऐकून घेतात. मग नवं कुलूप त्यांच्या डोळ्यांदेखत बसवतात आणि दोन्ही चाव्या मोजून त्यांच्या तळहातावर ठेवतात. ज्या आजींनी पोलीस बोलावले त्यांनी निघताना पाणी दिलं. (मिस्त्रींना. मला अजून नाही.)

आता खरं सांगतो. साचा बदलायचा राहिला तो मिस्त्रींमुळे नाही. त्या दुपारी मी त्यांना यंत्रावरून उठवून दीड तास अंगणात उभं केलं होतं, हातात कुलूप देऊन, फोटोसाठी. ऊन नीट पडत नव्हतं. फोटोखाली ‘विश्वासाचे शिल्पकार’ असं छापायचं होतं. हे त्यांनी आजपर्यंत एकाही दारात सांगितलं नाही. मी शेजारीच उभा असतो, तरी.

आणि तो फोटो कुठल्या पुस्तिकेत छापला ते तुला ठाऊक आहे. त्याच पुस्तिकेच्या मधल्या पानावर मी तुझ्याबद्दल लिहिलं होतं. माझी थोरली बहीण आता एकटी राहते, पण निर्धास्त झोपते. वर तुझ्या दाराचा फोटो. भावजी गेल्यावर झोप लागत नाही, जरा काही वाजलं की उठून बसते, हे तू मला भाऊ म्हणून सांगितलं होतंस. मी ते उलटं करून छापलं. तुला विचारलंही नाही. मग इस्त्रीवाल्यापासून सगळे तुला विचारायला लागले, की एकट्याच असता का, आणि तू रोज संध्याकाळी दाराला टेबल लावून ठेवायला लागलीस. हेही मला तुझ्या शेजारच्या मास्तरीणबाईंकडून कळलं. तू माझ्या घरी आलीस, भांडली नाहीस, नुसता हात पुढे केलास. मी तुझ्या घराची चावी त्यावर ठेवली. आणि वर मी तुला जे माफीचं पत्र पाठवलं ना, ‘भावना दुखावल्या गेल्या असल्यास’वालं, ते आधी दुरुस्तीसाहेबांना दाखवलं होतं. त्यात ‘माझी चूक’ होतं. त्यांनी काढलं. मी काढू दिलं.

ताई, माझी चूक. मी तुला विचारायला हवं होतं.

मला तुझी फार आठवण येते. बेल न वाजवता आत यायचं, चपला काढता काढताच भूक लागली म्हणून ओरडायचं, आणि तू स्वयंपाकघरातून न बघताच हात धू म्हणायचं. या दोन महिन्यांत मी दोनशेवर दारांच्या बेल वाजवल्या. प्रत्येक दार उघडताना आतून कुणीतरी हात धू म्हणेल असं उगीच वाटायचं.

हे पत्र दुरुस्तीसाहेबांनी पाहिलेलं नाही. खाडाखोड माझी आहे.

तुझा,
धाकटा

ता. क. पत्र खरं तर कामाचं आहे. दोनशे बारा कुलपं बदलून झाली. यादीतला शेवटचा पत्ता तुझा आहे. माझ्याकडून चावी घेतल्यावर दोनच दिवसांनी तू नवं कुलूप घेतलंस, ते त्या दुपारचंच निघालं. म्हणजे मला बाहेर ठेवायला आणलेलं कुलूप माझ्याच कृपेने कुणालाही उघडता येतं. तुझं वॉरंटी कार्ड माझ्यासमोर आहे. ‘आमच्या कुलपाची माहिती कुठून मिळाली?’ या प्रश्नापुढे दुकान, वर्तमानपत्र, जाहिरात अशा चौकटी आहेत. तू एकीवरही खूण केली नाहीस. बाजूला लिहिलंयस, ‘भाऊ तिथे कामाला आहे.’ हे कार्ड फाइलला लावायचं असतं. मी लावलेलं नाही.

ता. क. २. दारोदार दाखवतो ती तपासणीची चावी महिनाभर रोज रात्री माझ्या खणात असते, आणि ती तुझ्या दाराला लागते. मी ती लावली नाही. गुरुवारी सकाळी अकराला मिस्त्री आणि मी येऊ. बेल वाजवून दोन पावलं मागे उभा राहीन. तोवर टेबल दाराला असू दे.

ता. क. ३. नव्या कुलपाबरोबर दोनच चाव्या येतात, आणि दोन्ही तुझ्या हातावर ठेवायच्या असा नियम आहे. मिस्त्री म्हणाले, हळूच तिसरी कापून देतो. मी नको म्हटलं. दोन्ही तुझ्या हातावर ठेवून मी तिथेच जरा वेळ उभा राहीन. तू घाई करू नकोस.